चौकीपुढची जत्रा

सेटलमेंटात राहते म्हटलं की समोरच्या बाईचा हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्राकडे जायचा. तिला स्वतःला ते कळायचंही नाही, पण मला कळायचं. ट्रेनिंग कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मुलगी तशी चांगली होती. माझ्या डब्यातली चटणी मागून खायची. मी पत्ता सांगितला त्या दिवसापासून ती पाणी प्यायला उठली तरी पिशवी काखेत घेऊन उठायला लागली.

ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांना हे आधी सांगायला हवं. इंग्रजांनी काही जातींना जन्मतःच चोर ठरवलं होतं. गावोगावची अशी कुटुंबं आणून त्यांनी इथं तारेच्या कुंपणात ठेवली. त्या वसाहतीला इंग्रज सेटलमेंट म्हणत, आणि आम्हीही तेच म्हणत राहिलो. आत राहायचं, गिरणीत कामाला जायचं आणि रोज हजेरी द्यायची. माझा बाप त्या कुंपणात जन्मला. त्याच्या लग्नाची वरात निघाली तीसुद्धा हजेरी देऊन. स्वातंत्र्य आलं आणि आणखी काही वर्षांनी तारा तोडल्या. मी तारा तुटल्यानंतरची. मी कधी हजेरी दिली नाही. पण कुणाच्या घरची सायकल हरवली तरी पोलिसांची गाडी सरळ आमच्या गल्लीत यायची, आणि हे मी लहानपणापासून बघत आले.

आम्ही कैकाडी. तुरीच्या काड्यांच्या टोपल्या, डालगी, धान्याच्या कणग्या विणायचा आमचा धंदा. काही घरं विणकरांना सुताला खळ लावायचे कुंचे करून द्यायची. आमची बोली वेगळी, ऐकणाऱ्याला ती कधी तेलुगू वाटते, कधी तमिळ. घरात आम्ही तीच बोलायचो. बाहेरच्यांशी बोलताना मराठी. माझी आत्या बाहेर बोलायची ती मराठी खेड्यातली होती आणि मी शाळेत शिकलेली पुस्तकी. त्यामुळं कचेरीत कधी जायचं झालं तर लोक मला पुढं करायचे.

दरवर्षी चैत्रात आमची जत्रा भरायची. श्रीपूरकडच्या साखर कारखान्यांचा हंगाम संपायचा आणि ऊसतोडीला गेलेली आमची माणसं गाढवं घेऊन परतायची. माळशिरसकडून यायची, बार्शीकडून यायची, अक्कलकोटच्या बाजूची कानडी बोलणारी आमचीच भावकी यायची. सेटलमेंटच्या मागच्या मोकळ्या जागेत पालं पडायची. सोयरिकी जुळायच्या, वर्षाची भांडणं पंचांपुढं मिटायची, कोण मेलं, कुणाला काय झालं ते कळायचं. माझ्या बापाच्या लहानपणी कुंपणाच्या आत असं जमायलाही परवानगी लागायची. त्यामुळं म्हाताऱ्या माणसांना नुसतं विनापरवाना एकत्र बसण्याचंच मोठं कौतुक होतं. ती काही न बोलता तासन् तास बसून राहायची.

जत्रेचा मुख्य मान देवीच्या टोपलीचा. दरवर्षी देवीसाठी नवी टोपली विणायची. बूड पंच घालून द्यायचे. मग टोपली घराघरातून फिरायची आणि प्रत्येक घरच्या कर्त्या माणसानं तिला एक फेरा द्यायचा. घरचा कर्ता वारला असेल तर त्याच्या बायकोनं. दिवस मावळायच्या आत शेवटचा फेरा पडला पाहिजे, काठ वळला पाहिजे, आणि मग देवी त्यात बसवून डोक्यावर घ्यायची. फेरा देताना आत्या गाणं म्हणायची. त्या गाण्यात त्या घराचं सगळं यायचं: कुठल्या गावचे, कुठल्या ओढ्याकाठचे, कुठून धरून आणले, आजा कसा होता. आत्यानं एक ओळ म्हणायची आणि फेरा देणाऱ्यानं पुढची. म्हणजे आपल्या घराची ओळ प्रत्येकाला पाठ असायची. आमच्याकडं कुठला सातबारा नव्हता, कुठली वंशावळ नव्हती. एवढंच होतं.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा झालेली, उंच, आवाज खणखणीत. शेकडो ओळी तिला येत. तिची एकच इच्छा होती. शहरातल्या लोकांनी एकदा तरी आमची गाणी ऐकावीत. ती म्हणायची, "आपल्याला लोक वळकत्यात ते पोलिसाच्या तोंडून. आपल्या तोंडून आपल्याला कवा वळकणार?"

म्हणून त्या वर्षी कल्याण खात्यातले साहेब आले तेव्हा ती खूश झाली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. साहेबांबरोबर आमच्या वॉर्डातला पुढारी होता. जत्रेच्या दिवशीच मंत्री सोलापुरात येणार होते. दुपारनंतर शहरातल्या मोठ्या मैदानावर कार्यक्रम होता आणि त्यात आमच्या समाजाचा नाच ठेवायचा होता.

साहेब म्हणाले, "तुमची संस्कृती लोकांपुढे यायला हवी."

आत्यानं विचारलं, "गानं पन चालंल का? आमच्या बोलीतलं?"

"चालेल की. एखादं कडवं म्हणा," साहेब म्हणाले.

पंचांनी विचार केला. दुपारपर्यंत टोपली पुरी करू, त्यानंतर पोरं मैदानावर जातील, असं ठरलं. आमची पाच-सहा जणं हलगी आणि सनईवर चांगली नाचायची. अंगात बाराबंदी, धोतर, डोक्याला लाल फेटा. तोच आमचा जत्रेचा पोशाख. बायकांनी फेटे धुऊन, पिळून, कडक वाळवून ठेवले.

तालमीला बोलावलं तेव्हा मी बरोबर गेले. एका शाळेच्या हॉलमध्ये दोन मोठ्या पत्र्याच्या पेट्या उघडून ठेवल्या होत्या. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून आणलेल्या. नाच बसवणारे मास्तर त्यातून एकेक वस्तू काढून आमच्या माणसांच्या अंगावर धरून बघत होते. हिरव्या कापडाच्या पानांचे घागरे. लाकडी भाले. कवड्यांच्या माळा. आणि डोक्याला बांधायचे रंगीत पिसांचे मोठाले मुकुट.

आमची माणसं एकमेकांकडं बघत उभी होती. त्यांच्यातला एक जण, गिरणीत सांचावर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करणारा, चांगला चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. मास्तरांनी त्याच्या धोतरावरच तो पानांचा घागरा बांधला आणि म्हणाले, "आता भाला वर करून एक आरोळी ठोका. जंगलातली."

तो म्हणाला, "मी गिरनीतला हाय, मास्तर."

मास्तर हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मी साहेबांकडं गेले. म्हटलं, "साहेब, हे आमचं नाही. आमच्यात असलं कुणी घालत नाही. आमच्या दारात पिसं दिसतात ती कोंबडं कापलं तरच."

"अहो बाई, नाटकातले कपडे आहेत. एवढं काय मनावर घेता?"

"पण आमचे कपडे आहेत ना. फेटे आहेत. आम्ही आणले आहेत."

साहेबांनी मला समजावण्याच्या सुरात सांगितलं, "फेटा बांधला की तुम्ही सगळ्यांसारखेच दिसता. मग लांबून बघणाऱ्याला कळणार कसं, हे कोण लोक आहेत ते?"

त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. नसेल. पण आयुष्यभर आम्हाला हेच ऐकवलं होतं की सगळ्यांसारखे व्हा, सुधारा, समाजात मिसळा. आणि आम्ही सगळ्यांसारखे दिसतो हीच आता त्यांची अडचण झाली होती.

घरी येऊन मी आत्याला सगळं सांगितलं. म्हटलं, नाही म्हणू या. तिनं वाळलेले फेटे घडी घालायला घेतले. मग म्हणाली, पोरांनी फेटे बांधूनच जायचं. तिथं ऐन वेळी कोण काढून घेतंय ते बघू. तिला ते एक कडवं सोडवत नव्हतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी पालांकडं चहा घेऊन निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती. हवालदार घराघरात जाऊन नावं घेत होते आणि माणसांना बाहेर काढत होते. ज्यांच्या बापांची नावं चौकीत पूर्वीपासून लिहिलेली, त्यांचीच पोरं. सगळी घेऊन गाडी गेली. त्यात आमचा हलगीवाला होता, सनईवाला होता, माझा चुलतभाऊ होता, सगळे नाचणारे होते. मळक्या बनियनवर, पायात काही नाही.

आम्ही बायका मागोमाग चौकीत गेलो. आत जाऊ दिलं नाही. मी शिक्षिका आहे असं सांगितल्यावर फौजदार बाहेर आले.

"काही झालेलं नाही, बाई. खबरदारीचा उपाय. मंत्री येतायत. शहरात काही घडायला नको. कार्यक्रम संपला, मंत्री गेले की सोडतो."

मी म्हटलं, "साहेब, त्या कार्यक्रमातच नाचायचं आहे यांना. मंत्र्यांपुढे."

फौजदारांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांची थट्टा करतेय. "मला तसं काही कळवलेलं नाही," ते म्हणाले आणि आत गेले.

मला वाटलं, हा एका फोनचा प्रश्न आहे. कल्याण खात्याचे साहेब फौजदारांना फोन करतील आणि माणसं सुटतील. मी सायकल रिक्षा करून साहेबांच्या कचेरीत गेले. ते मैदानावर गेलेले. मैदानावर गेले तर आत सोडेनात. चैत्राचं ऊन, डोक्यावर पदर घेऊन मी फाटकाशी उभी. साहेब दिसले तेव्हा भर दुपार झाली होती. मला बघून तेच धावत आले.

"अहो, तुमचे लोक कुठे आहेत? आलेच नाहीत! मास्तर केव्हाचे वाट बघतायत."

"चौकीत आहेत," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. मला क्षणभर बरं वाटलं. वाटलं, आता हा माणूस चिडेल. फोनकडं जाईल. आमच्यासाठी नाही तर नाही, निदान आपल्या कार्यक्रमासाठी तरी.

ते म्हणाले, "आता मी पोलिसांच्या बंदोबस्तात कसा हात घालू? त्यांचंही काही कारण असेलच ना." मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मंडपाच्या मागं कॉलेजची काही मुलं बसली होती. त्यांच्या लेझीमची तालीम होऊन गेली होती आणि ती शेंगा खात होती. साहेबांनी मास्तरांना हाक मारली. "पेट्या आल्यायत ना? मग झालं."

मी तिथंच उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत त्या मुलांनी शर्ट काढून पानांचे घागरे बांधले. मास्तरांनी डबीतला काळा रंग त्यांच्या तोंडाला फासला. हसत, एकमेकांना ढकलत त्यांनी मुकुट चढवले. त्यांतला एक मुलगा, गोरापान, बोलायला अगदी नम्र, माझ्याकडं आला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं मी कोण ते.

"बाई, तुमच्यात ओरडतात कसं? म्हणजे आम्ही चुकीचं ओरडायला नको."

मी मागं सरकून फाटकाला टेकले. 

मंत्री आले, हार झाले, भाषण झालं. लाउडस्पीकरवर निवेदकाचा आवाज आला: एके काळी गुन्हेगार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आता सरकारच्या प्रयत्नांनी माणसात आलेल्या आपल्या बांधवांचं पारंपरिक नृत्य. मग ती मुलं आरोळ्या देत रंगमंचावर धावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसात आलेल्या. हा शब्द मी कानांनी ऐकला आणि मैदानाबाहेर पडले.

घरी आले तर सगळी जत्रा टोपलीभोवती बसलेली. बाकीच्या सगळ्या घरांचे फेरे झाले होते. आत नेलेल्या माणसांचे तेवढे राहिले होते. टोपलीच्या उभ्या काड्या तशाच वर आलेल्या. ऊन कललं होतं. पंचांतला एक म्हातारा म्हणत होता की त्यांच्या बायकांनी फेरे द्यावेत आणि काठ वळून टाकावा, देवीला ताटकळत ठेवू नये.

मी मैदानावर झालेलं सांगितलं. बायका रडायला लागल्या. आत्या रडली नाही. ती उठली, तिनं टोपली उचलली आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "कर्ता मेला तर बाईनं फेरा द्यायचा. ह्यांचे कर्ते आत हायत, मेले न्हाईत." ती हे आमच्या बोलीत म्हणाली. मराठीत लिहिताना त्यातला अर्धा धाक गेला.

टोपली डोक्यावर घेऊन ती चालायला लागली. तिच्यामागं त्या माणसांच्या बायका, मग सगळ्याच बायका, मग पंच, मग पालांवरचे पाहुणे. पाहुण्यांना सोलापूरच्या चौकीची सवय नव्हती, ते बिचकत होते, पण आले. देवीची मूर्ती एका म्हाताऱ्यानं पदराखाली झाकावी तशी उपरण्यात घेतली होती. प्रसादाच्या घुगऱ्यांचं पातेलं दोघींनी धरलं होतं.

चौकीत फक्त एक वयस्क हवालदार आणि एक शिपाई होते. बाकीचे सगळे बंदोबस्ताला. एवढी माणसं बघून हवालदार पायरीवर आला.

"ए, हितं काय जत्रा भरवताय काय?"

आत्या म्हणाली, "व्हय. हितंच."

"चला, चला. साहेब आल्यावर या."

"दिवस मावळायच्या आत आमचा इधी झाला पायजे. आमची मानसं तुमच्यापाशी हायत, तर आमी तुमच्यापाशीच येनार की. कुटं जानार?"

"मी दार उघडणार न्हाय. सांगून ठेवतो."

"दार नगं उघडू," आत्या म्हणाली. "आमी भायेरनं करतो. तू हितं बसून बघ. कायबी चोरलं तर सांग."

हवालदार काय बोलणार? शिपाई तर मागच्या मागं सरकला होता. आत्या सरळ कोठडीपुढं गेली. खोली पुढच्या ओट्यावरच होती, गजांचं दार अंगणातून दिसायचं. तिनं टोपली गजांना लावून धरली. गजांतून टोपली आत जाणं शक्य नव्हतं. पण हात बाहेर येऊ शकत होते.

पहिला हात सनईवाल्याचा आला. एका हातानं त्यानं उभी काडी धरली, दुसऱ्या गजातून दुसरा हात काढून ओली काडी मागं-पुढं घालायला लागला. आत्यानं त्याच्या घराची ओळ म्हटली. तिचा आवाज त्या दगडी भिंतीवर आपटून मोठा झाला.  पुढची ओळ त्यानं म्हणायची होती. त्यानं सुरुवात केली आणि अर्ध्यातच अडला. मग आतल्या बाकीच्यांनी त्याची ओळ उचलली. त्यांच्याबरोबर त्यानं म्हटली. कुठल्या ओढ्याकाठचे, कुठून धरून आणले, आजा कसा होता. आजाला धरून आणल्याची ओळ नातू कोठडीतून म्हणत होता आणि मी बाहेर उभी राहून ऐकत होते.  

टोपली फिरवत फिरवत एकेकाचा फेरा झाला. हलगीवाल्याकडं हलगी नव्हती, त्यानं आतल्या पाण्याच्या डब्यावर ठेका धरला. अंगणात पाहुणे नाचायला लागले. बाराबंद्या, लाल फेटे. मैदानावर जे दाखवायचं होतं ते सगळं चौकीपुढच्या त्या अंगणात झालं. चौकीच्या मागं विणकरांची चाळ होती, आतून मागांची खडखड यायची. ती थांबली. तेलुगू बोलणाऱ्या बायका बोळाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या.

काठ वळला तेव्हा ऊन समोरच्या कौलांवर होतं. देवी टोपलीत बसली. घुगऱ्या वाटल्या. गजाआडच्यांना दिल्या, विणकरांच्या बायकांना दिल्या. आत्यानं हवालदारापुढं मूठ धरली. त्यानं टोपी काढली, दोन्ही हात पुढं केले, खाल्ल्या आणि हळूच म्हणाला, "साहेबांना बोलू नका." बायका हसल्या. मी हसले नाही. सकाळी माझ्या चुलतभावाला दंडाला धरून गाडीत घातलं होतं ते याच हातांनी. देवीचा प्रसाद घेताना त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

फौजदार आले, अंगणातली गर्दी बघून भडकले, मग त्यांनाच घाई झाली असावी. माणसांना बाहेर काढलं. गुन्हा काही नव्हताच. कागदावर अंगठे घेतले आणि "जा" म्हणाले. दिवसभर कोंडून ठेवल्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. सनईवाल्याचा त्या दिवसाचा गिरणीतला पगार गेला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पिसांचे मुकुट, भाले, काळी तोंडं, आणि खाली आमच्या जातीचं नाव. आमची माणसं तो पेपर हातात घेऊन बघत होती, आणि त्यात आमचं एकही माणूस नव्हतं. गिरणीतल्या सांचावाल्याच्या धाकट्या मुलीनं विचारलं, "अण्णा, यात तुम्ही कुठले?" त्यानं पेपर मिटून ठेवला.

आठवड्यानं साहेब माझ्या शाळेत आले. खुशीत होते. मंत्र्यांना नाच आवडला होता, पुढच्या वर्षी पुण्याला नेऊ म्हणत होते. हेडमास्तरांच्या खोलीत, हेडमास्तरांसमोर मी त्यांना विचारलं, "कुणाला नेणार? आम्हाला, की त्या मुलांना?"

"बाई, त्या दिवशी वेळ आली होती म्हणून—"

"वेळ आमच्यावर आली होती. तुमच्याकडे फोन होता. तुम्ही तो उचलला नाही, पेट्या उघडल्यात. आमच्या माणसांपेक्षा तुम्हाला ते कपडे जवळचे वाटले. आता कपडेच न्या पुण्याला. आम्ही येणार नाही."

हेडमास्तर म्हणाले, "जरा आवाज खाली." मी आवाज खाली केला नाही. जूनमध्ये माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली. कारण विचारलं तर सोय म्हणून, असं सांगितलं. कुणाची सोय ते सांगितलं नाही.

त्या नव्या शाळेजवळ एक वाचनालय होतं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. इंग्रजी वाचता यावं म्हणून जुनी इंग्रजी मासिकं डिक्शनरी घेऊन वाचायची. एकदा त्यांत रंगीत चित्र निघालं. मोठं गवताळ मैदान, गोलाकार उभे केलेले तंबू आणि डोक्यावर पिसांचे मुकुट घातलेली वयस्क माणसं. मी ताठ झाले. तेच मुकुट. म्हणजे मास्तरांच्या पेटीतले मुकुट ही यांची नक्कल होती.

ते लोक अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या सीमेवरचे, ब्लॅकफूट नावाचे. डिक्शनरी लावत लावत मी तो लेख दोन-तीन संध्याकाळी वाचला. उन्हाळ्यात सगळी कुटुंबं एका जागी जमतात, तंबूंचं गोल रिंगण करतात, गाणी म्हणतात, नाचतात. तो मुकुट कुणीही उठून घालत नाही. तो मानाचा असतो, जाणती माणसं तो देतात. सरकारनं त्यांना त्यांच्या मुलखात आखून दिलेल्या जागेत ठेवलं होतं, बाहेर जायचं तर पास लागायचा, त्यांच्या असल्या जमण्यावर बंदी घातली होती, आणि तरी ते जमत राहिले. पास हा शब्द वाचला तेव्हा मी डिक्शनरी मिटली. त्याचा अर्थ मला बघावा लागत नव्हता.

त्या रविवारी मी आत्याला हे सगळं सांगितलं. ती काड्या सोलत होती. तिनं हात थांबवला.

"म्हंजी ती पिसं त्यांच्या मानाची? देवाधर्माची?"

"हो."

"आन् ती उचलून आपल्या डोस्क्यावर ठिवली. त्यास्नी न इचारता."

"हो."

"आन् चोर आपन!" आत्या म्हणाली, आणि काडी सोलायला लागली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, त्या लोकांची गाणी कशी असतात. मला ते माहीत नव्हतं. मासिकात चित्रं होती, आवाज नव्हता. ती म्हणाली, त्यांच्यातही कुणीतरी बाई असेल, तिला ओळी पाठ असतील.

पुढच्या वर्षापासून पंचांनी ठरवलं की जत्रेत साहेब नको, पुढारी नको, मंडप नको. चौकीला मात्र आदल्या दिवशी मीच जाऊन सांगून यायची, की उद्या आमची जत्रा आहे, कुणाला उचलायचं असेल तर आम्ही सगळेच मागून येऊ. दोन वर्षं कुणाला उचललं नाही. तिसऱ्या वर्षी दोघांना उचललं आणि आम्ही गेलो. तोवर हवालदार बदलला होता. त्यालाही सगळं नव्यानं सांगावं लागलं.

विणकरांच्या चाळीतल्या त्या बायका मात्र पुढच्या चैत्रात आपणहून आल्या. त्यांच्यातली एक म्हातारी आत्याजवळ बसली. त्या दिवशी चौकीपुढं ऐकलेल्या गाण्यातले पुष्कळ शब्द तिला कळले होते, कारण ते तिच्या तेलुगूतल्या शब्दांसारखेच होते. पाणी, आई, काडी, वाट. ती आत्याला तिचा शब्द सांगायची, आत्या आपला सांगायची, आणि जुळला की दोघी मांडीवर थाप मारायच्या. इतकी वर्षं आमचे लोक त्यांच्या दारात कुंचे विकायला जात होते. आपली बोली एकमेकांना कळते हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण दारात उभं राहून आम्ही मराठीच बोलायचो.

आत्याला मैदानावरचं ते एक कडवं शेवटपर्यंत म्हणायला मिळालं नाही. तिला त्याची चुटपुट राहिली आणि मला त्याचा राग राहिला. पण त्या चाळीतल्या म्हातारीनं तिच्याकडून चार ओळी पाठ करून घेतल्या होत्या. माग चालवताना ती त्या म्हणायची. सुरात नसायच्या, उच्चारही तिचेच असायचे. आत्या कुंचे घेऊन त्या बोळातून जायची तेव्हा दारात थांबून ऐकायची, चुकलेला शब्द दुरुस्त करायची, आणि मगच पुढं जायची.